एकट्याचा ग्रुप

मासळीच्या कंपनीत मी शिपाई. सर्व्हर तापून बंद पडला की मासळीच्या गाड्या गेटावरच अडकतात. मागे तापला तेव्हा त्याची सूचना येऊन सगळ्या हापिसाचे फोन वाजले, पण दुसरा बघेल म्हणून कोण उठलाच नाय. मीसुद्धा.

म्हणून कंपनीने बोलावलेली एक कॉम्प्युटरवाली बाई आली. देवळात शिरावं तशी चपला काढून सर्व्हरच्या खोलीत गेली. कसली सूचना कोणाला जाईल त्याचे ग्रुप पाडत बसली. दर वेळी बटण दाबायच्या आधी ओढणीला बोट पुसायची.

मग तिला माझी चटई दिसली.

"काका, एसी बंद पडला तर पहिला घाम कोणाला येतो?"

"मलाच. दुपारचा हितंच लवंडतो."

"मग एसीच्या ग्रुपात तुम्ही."

"आणि कोण?"

"कोणी नाय. दोघं घातले तर एकमेकांकडे बघत बसाल."

काल फोन वाजला. कोण उठतंय ते मी सवयीने बघितलं. मग आठवलं, आणि धावलो.