घड्याळजींनी वळवलेला कान

वरच्या मजल्यावरचे घड्याळजी भिंतीला यंत्र लावून शेजाऱ्यांची भांडणं ऐकतात, अशी बातमी आमच्या इमारतभर पसरली होती. पसरवली मीच. बातमी साफ खोटी, हे आता कबूल करतो. ते माईक बनवतात. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलीच्या हवाली केल्यावर चिमटे, भिंग आणि न थरथरणारा हात यांना काम उरलं नाही. म्हणून स्वस्तातला माईक आणायचा, उघडायचा, आवाज पकडणारी चकती बदलायची, सोल्डरिंग नव्याने करायचं, हा उद्योग.

घशाच्या ऑपरेशननंतर आमची ही चारचौघांत बोलेनाशी झाली होती. अंधशाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम मात्र तिला मनापासून हवं होतं. पहिला नमुना ‘आवाज चिरका’ म्हणून परत आला. दुसरा शनिवारपर्यंत द्यायचा. तोही नापास, तर विषय संपला.

"वहिनी, गळा नाही, तुमचा माईक चिरका आहे," म्हणत घड्याळजी तो वर घेऊन गेले. जाळीचा आतला थर काढला, चकती बदलली आणि शुक्रवारी सकाळी आमच्याकडे येऊन आवाज घुमू नये म्हणून खोलीभर रजया टांगल्या.

ही वाचू लागली. मी माईकच्या पलीकडे बसून, माझ्या मते अगदी हळू, घड्याळजींच्या कानात खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या जावयाची भानगड ओतत होतो. मग ऐकून पाहिलं. ही विहिरीच्या तळातून बोलतेय आणि जावई मात्र खणखणीत!

हिचा चेहरा पडला. "राहू दे भाऊजी. माझा आवाजच गेलाय."

घड्याळजींनी माईक उघडला आणि कपाळावर हात मारला. चकतीची मागची बाजू पुढे बसली होती; माईकचा कान माझ्याकडे! जन्मात कधी काटा उलटा न बसवणारा माणूस कानाच्या टोकापर्यंत लाल झाला. दहा मिनिटांत त्यांनी ती वळवली आणि मला स्वयंपाकघरात पिटाळलं.

दुसऱ्यांदा ऐकताना मी दारातच थबकलो. ऑपरेशनआधी ही मला ज्या आवाजात झापायची, अगदी तोच! थोडा खरखरीत, पण तोच.

काम मिळालं. आता ही रोज दुपारी वाचते, आणि संध्याकाळी गॅलरीतून मला चारचौघांत हाकाही मारते. त्या हाकेला मी मनातल्या मनात हात जोडतो.

आभार मानायला वर गेलो तर शब्द सुचेना. मला! शेवटी विचारलं, "घड्याळजी, तुमच्यासाठी काय करू, सांगा."

भिंग न काढताच ते म्हणाले, "वहिनी वाचत असताना गप्प बसा. तेवढा एकच भाग मला बनवता येत नाही."