बोट दाखवायचं नाही

गोंदिया जिल्ह्यात मुलांना काहीही न शिकवण्याचं काम आमच्या साडूंइतक्या निष्ठेनं दुसऱ्या कुणी केलं असेल, असं मला वाटत नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यावर माणूस गुडघे सांभाळतो. यांनी आमगावची वीस पोरं जमवली आणि दर रविवारी, शिकवणीच्या ऐन वेळेला, त्यांना धानाच्या शेतांत पाखरं दाखवायला न्यायला लागले. अभ्यासक्रम भरगच्च. एक तास गप्प बसायचं. कुणाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवण्याआधी शेतकऱ्याला राम राम घालून विचारायचं. आणि पाखरू दिसलं तरी बोट दाखवायचं नाही. कुठं आहे ते हळूच, शब्दांत सांगायचं. "बोट कोनीबी दाखवते. तोंडानं सांगा, म्हंजे डोकं चालते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा एक पोरगा शिंकला, तर त्याला बगळ्याची माफी मागायला लावली होती.

"भाऊजी, याचे मार्क भेटतेत का?" एका आईनं विचारलं. "एकबी नाही!" साडू अभिमानानं म्हणाले. पाहुणे आले की दाराआड लपणारी माझी लेकही या विद्यापीठात दाखल झाली. आता ती अनोळखी शेतकऱ्यांशी बिनधास्त बोलते, आणि मी घरात ओरडलो की म्हणते, "बाबा, हळू बोला. चिमण्या उडून राहिल्या." केवढी ही प्रगती!

गणितात तिचे मार्क घसरले, तेव्हा तिचं नाव कमी करायच्या इराद्यानं मीच एका रविवारी तिथं गेलो. घरचीच पोर निघाली की बाकीची टिकणार नव्हती, आणि साडूंना दुसरा उद्योग नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण गणितापुढे कुणाची गय नाही.

तेवढ्यात समोर धानात सारसांची जोडी उतरली. पोरं श्वास रोखून बसली. साडू मात्र भलतीकडंच दुर्बीण लावून बसले होते. मी हसणार, तोच लेक त्यांच्या कानाशी वाकली.

"मौसाजी, डाव्या हाताले. पळसाच्या खाली. दोघं हायेत. एक मान खाली घालून राहिला."

साडूंनी दुर्बीण वळवली. "दिसले," ते म्हणाले. चेहरा नुसता उजळला होता. दुर्बिणीच्या काचांवरची झाकणं तशीच होती.

परतताना मी लेकीला विचारलं, "कधीपासून दिसत नाही त्यायले?"

"होळीपासून. साऱ्यायले मालूम हाय."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"सांगतो ना बाबा. पाखरू कुठं हाय, ते दर रविवारी सांगतो."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या सरांकडे जाऊन मी रविवारऐवजी दुसरा वार मागून घेतला.