स्वस्त शेअर आणि हलके खोके

बरीच वर्षं झाली त्याला, पण तो शनिवार ते सोमवारचा काळ मला अजून तासातासाने सांगता येतो. मी तेव्हा अकोल्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. शनिवारी सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदाराने एका माणसाला आत आणलं. वय पन्नाशीचं, दाढी पांढरी, शर्टाच्या खिशात टेस्टर.

"अंजनगाव सुर्जीहून आलो साहेब. टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे माझं. सोमवारी जठारपेठेत शेअरची मीटिंग आहे नं, ते थांबवा."

"कावून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"कारन ते कंपनी टीव्ही विकतच नाई."

मला मीटिंग चांगली ठाऊक होती. टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर बनवणारी ती कंपनी. तिचे शेअर अजून बाजारात आले नव्हते, लवकरच येणार असं सांगितलं जात होतं. अकोल्यात ते विकण्याचं काम वाणिज्य शाखेचे एक निवृत्त प्राध्यापक करत. मोठे सज्जन गृहस्थ. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं ते कधीच म्हणत नसत. फळ्यावर दोन आकडे लिहीत आणि समोरच्याच्या हातात खडू देत. शेअरची किंमत एकशेवीस रुपये. कंपनी एका शेअरमागे वर्षाला कमावते वीस रुपये. भागा. उत्तर सहा. "याला पीई म्हणतात. अशाच दुसऱ्या कंपन्यांना लोक कमाईच्या पंचवीस-तीस पट मोजतात. आता तुम्हीच सांगा, हा शेअर महाग की स्वस्त?"

लोक स्वतः भागाकार करत आणि स्वतःच पटवून घेत. ती वर्षं वऱ्हाडाला फार जड गेली. आमच्या ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरची पानं वर्ष संपायच्या आत संपत. कोणाकडे धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला होता, कोणाकडे निवृत्तीची रक्कम. पावसावर अवलंबून नाही असं काहीतरी प्रत्येकाला हवं होतं. खोटं कशाला सांगू, त्याच कंपनीचा भरलेला अर्ज त्या क्षणी माझ्याही टेबलाच्या खणात होता. भागाकार मीही केला होता.

म्हणून मी जरा तुसडेपणानेच म्हणालो, "मिस्त्री, कंपनीनं वऱ्हाडात हजारो टीव्ही विकल्याचं माहितीपत्रकात छापलंय."

"तेच तं! वर्षापयले त्याहीनं मले सर्व्हिस सेंटरचा बोर्ड देल्ला. आजवर एक सेट दुरुस्तीले आला नाई. साहेब, कितीबी चांगला टीव्ही असो, आमच्याकडचं वोल्टेज त्याले वर्षभर सुखानं राहू देते का? सगळ्या कंपन्यांचे येतात. याचाच एक येत नाई. म्हंजे कोनाच्या घरातच नाई." ते थांबले. आवाज खाली आला. "माझी बहीण उर्दू शाळेत मास्तरीन होती. सोमवारी ती सगळा पैसा टाकून राहिली. मले म्हनते, भाईजान, मैंने खुद हिसाब किया है."

माझ्यापुढे ना तक्रार होती, ना बुडालेला माणूस. नुसत्या शंकेवर मीटिंग थांबवली असती तर गावाने मलाच फाडून खाल्लं असतं. डायरीत नोंद केली, मिस्त्रींना थांबायला सांगितलं आणि जीप घेऊन अमरावतीला निघालो. तिथे एक निवृत्त बँक अधिकारी बाई राहत होत्या. एका जुन्या अपहाराच्या तपासात त्यांनी मला मदत केली होती.

मी त्यांना फळ्यावरचा हिशेब सांगितला. चष्मा लावून त्यांनी माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं.

"भागाकार बरोबर आहे तुमचा. पण खालचा वीसचा आकडा कोणी दिला?"

"कंपनीनं."

"मग तुम्ही तपासलं काय? स्वतःचं गणित. कंपनी नाही तपासली." त्यांनी हिशेबाच्या पानांवरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "ही वर्षाची विक्री. ही लोकांकडून येणं असलेली रक्कम. दोन्ही जवळजवळ सारख्याच. म्हणजे माल गेला, पैसा आलाच नाही, तरी नफा धरून टाकला. पुस्तकी मूल्य पाहा, म्हणजे कंपनीची कागदावरची मालमत्ता, तेही या उधारीवरच फुगलंय. ही उधारी खरी असेल तर शेअर स्वस्त. खोटी असेल तर फुकट दिला तरी महाग. साहेब, माल घेणारे कोण आहेत ते आधी शोधा."

तिथून जीप थेट अकोल्याकडे वळवली.

चार वाजता प्राध्यापकांना चौकशीसाठी बोलावलं. ते सायकलवरून आले. चौकशीत मी आधी माणसाचे हात बघतो, मग डोळे. त्यांचे हात स्थिर होते. घाम नव्हता, घाई नव्हती. माझी नोकरी अशी माणसं ओळखण्यात गेलेली, आणि या माणसात पकडण्यासारखं मला काहीच सापडत नव्हतं. त्याने मी आणखीच बेचैन झालो.

"सर, कंपनीचे टीव्ही घेतं कोण?"

"विचारलंत ते बरं झालं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्याच पिशवीतून यादी काढली. वितरकांची नावं, रकमा, माल पोचल्याच्या पावत्या. मी बोट फिरवत खाली आलो आणि चौथ्या ओळीवर थांबलो. अंजनगाव सुर्जी. मिस्त्रींचं दुकान. लाखोंचा माल.

बाहेर बाकावर बसलेल्या मिस्त्रींना आत बोलावून पावती दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"हे सही माझी नाई. मी जिंदगीभर उर्दूत सही करत आलो साहेब. हे तं मराठीत आहे."

प्राध्यापकांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "काहीतरी गफलत असेल," ते म्हणाले. पण मला फिर्यादी मिळाला होता. बनावट कागदपत्रांचा आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. मोठ्या साहेबांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चुकलास तर सोमवारी मी तुझ्या मागे नसेन."

यादीतला सगळ्यात मोठा वितरक तेल्हाऱ्याचा होता. रविवारी सकाळी दोन पंच, मिस्त्री आणि प्राध्यापक यांना घेऊन आम्ही तिथे पोचलो. पत्ता कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या गोदामाचा निघाला. कुलूप पंचांसमक्ष तोडलं. आत छतापर्यंत खोके. नवेकोरे, पट्ट्या मारलेले, कंपनीचं चिन्ह छापलेले. माल तर होता!

प्राध्यापकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "बघा साहेब."

मिस्त्री पुढे गेले आणि त्यांनी एक खोका दोन्ही हातांनी उचलला. सहज. छातीपर्यंत. मग खाली ठेवून दुसरा उचलला, तिसरा उचलला.

"एकवीस इंची टीव्ही असा उचलल्या जात नाई साहेब. कंबर मोडते मानसाची. याच्यात पिक्चर ट्यूबच नाई."

खोका फोडला. प्लास्टिकचं रिकामं कॅबिनेट आणि रद्दी पेपरचे बोळे. एकामागून एक खोके फोडत गेलो, सगळे तसेच. वर चिकटवलेले नंबर हवालदाराने पावत्यांशी ताडून पाहिले. तेच नंबर अंजनगावच्या पावतीवर होते, अमरावतीच्याही पावतीवर होते. एकच रिकामा खोका तीन ठिकाणी विकलेला.

मी प्राध्यापकांकडे वळलो. "सर, ही विक्री वजा करा. मग नफा किती उरतो? आता काढा पीई."

"तोटा असला की पीई निघत नाही," ते वर्गात सांगावं तसं म्हणाले. आणि आपण काय बोललो ते कानावर पडताच भिंतीला टेकून खाली बसले. "माझा सगळा फंड यात आहे हो. विधवा बहिणीचे पैसे आहेत. मी कधी गोदाम बघायला आलोच नाही."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. त्यांच्या घराची झडती घेतली. देवघराखालच्या पेटीत शेअरची प्रमाणपत्रं होती, त्यांच्या आणि बहिणीच्या नावाची, इतरांनी घेतली त्याच किमतीची.

कंपनीचा संचालक सोमवारी अमरावतीहून येणार होता. चेक आणि रोकड उचलून दुपारी अकोला स्टेशनवरूनच गाडी पकडायची, हा त्याचा बेत प्राध्यापकांनीच मला सांगितला. आदल्या दिवशी बोभाटा झाला असता तर तो हातचा गेला असता. म्हणून मीटिंग होऊ द्यावी लागली. माझी माणसं साध्या कपड्यांत बसवली. अकरापर्यंत हॉल भरला. लोक रांगेने येऊन स्टेजवरच्या पेटीत चेक टाकत होते; मिस्त्रींची बहीणही त्या रांगेत होती. मी मागच्या दाराशी उभा राहून प्रत्येक चेक पडताना बघत होतो आणि संचालक अजून आला नव्हता. साडेअकरा. पावणेबारा. बाराला दहा कमी असताना पांढरी गाडी थांबली. तो स्टेजवर चढला, पेटीवर हात ठेवला, आणि माझ्या दोन शिपायांनी त्याचे दंड धरले.

लोक उठले ते आमच्यावरच.

"आमच्या पोटावर पाय कावून देऊन राहिले तुमी?" एकाने खुर्ची भिरकावली. ती माझ्या खांद्याला लागली. शिपायांनी काठ्या सरसावल्या. मी त्यांना हाताने थोपवलं, पण आणखी मिनिटभर तरी तो हात पुरला असता की नाही, सांगता येत नाही.

तेवढ्यात प्राध्यापक माइकपाशी गेले. मी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी फळ्यावर एकशेवीस लिहिलं, खाली वीस लिहिलं, आणि वीसवर काट मारली.

"हा आकडा खोटा आहे. काल मी डोळ्यांनी पाहिलं. खोके रिकामे आहेत. तुमचा भागाकार चुकला नाही. मी आकडा तपासला नाही, तसाच तुम्हाला दिला. ज्यांचे पैसे आधी गेले, त्यांनी मला जे बोलायचं ते बोलावं. मी इथेच उभा आहे."

कोणीही पुढे आलं नाही. एक म्हातारी मोठ्याने रडू लागली.

त्या पेटीतले चेक न्यायालयाच्या आदेशाने ज्याचे त्याला परत गेले. ज्यांनी आधी पैसे गुंतवले होते त्यांना मात्र फार थोडं मिळालं. संचालकाला शिक्षा झाली. प्राध्यापकांचंही नाव आरोपींत होतं; ते बरीच वर्षं तारखांना येत राहिले, त्याच सायकलवर, आणि शेवटी निर्दोष सुटले. माझा अर्ज मी तपासाच्या कागदांत लावला. सरकारी वकिलांनी भुवया उंचावल्या, पण मला तो फाडून टाकणं बरं वाटलं नाही.

तीस वर्षं मी माणसं पारखत आलो. खोटं बोलणाऱ्याची मान कुठे वळते, पाणी कधी मागतो, सगळं मला पाठ होतं. या केसमध्ये ते काही कामाला आलं नाही, कारण समोरचा माणूस सच्चा होता. त्याच्या तोंडून आलेला आकडा तेवढा खोटा होता. तेव्हापासून कोणी कितीही भला वाटला तरी मी एक प्रश्न जास्त विचारतो: हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि तुम्ही जाऊन पाहिलं का?

चेक परत देत होतो तेव्हा धरणात जमीन गेलेले एक वयस्क गृहस्थ सही करून माझ्यापुढे उभे राहिले. "साहेब, वाचवलं तुमी. पन आता हा पैसा ठेवू कुठी? वावर तं रायलं नाई."

बाहेर रांग खोळंबली होती. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि खरं तेच सांगितलं: मलाही माहीत नाही.