अण्णांनी मोजलेले ठोके

आज पुंडलिकनगरच्या घरी अण्णांची ढोलकी पुसताना कातड्याचा वास आला आणि एम.ए.ची ती दुपार आठवली. मध्ययुगीन इंग्रजी कथाकाव्याच्या छंदावर मला दुसऱ्या दिवशी वर्गात बोलायचं होतं, पण ओळीतले आघात सापडत नव्हते. शिक्षण सोडायचं, असं मी रडतरडत ठरवलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला होते, भीमजयंतीला ढोलकीवर गाणी म्हणायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले. मी वाचत गेले, त्यांची बोटं ढोलकीवर पडत गेली.

"चार ठोके हायेत बघ. अन् शेवटबी जुळतोय."

"पण अण्णा, तीच ओळ पुन्हापुन्हा का येते?"

"मागं बसलेल्या लोकायला पहिल्यांदा ऐकू जात नाय, बाई. त्यांच्यासाठी."

वर्गात मी हेच सांगितलं. सर खूश झाले. "कुठं वाचलंस?" त्यांनी विचारलं. मी नसलेल्या पुस्तकाचं नाव ठोकून दिलं.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "जमलं का?" मी मान हलवली, तर ते केवढे हरखले!

आता मी हाच विषय शिकवते आणि पहिल्याच तासाला अण्णांचं नाव सांगते. ते ऐकायला अण्णा मात्र नाहीत.