वीतभर भिंत

विषय : सरकारी क्वार्टर नंबर चार, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची वीतभर भिंत चुन्यातून वगळणेबाबत.

या विषयाची फाइल मी रिटायर होईपर्यंत सांभाळली. किस्से कचेरीतल्या कागदांसारखेच साठतात. एक ओढावा तर दोऱ्याला अडकून खालचे चार वर येतात. म्हणून चार नंबरच्या आधी शेजारपाजार सांगणं भाग आहे.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या कचेरीमागे कारकुनांची चार क्वार्टरं होती. चारही इतकी सारखी, की डोळे मिटून कुठल्याही घरात शिरलं तरी चूल डाव्या हातालाच! भिंत सरकारची, तुळई सरकारची. खिळा ठोकायचा तर अर्ज करायचा. अर्ज माझ्या टेबलावरून वर जायचा आणि नामंजूर होऊन खाली यायचा. त्यात कधी फरक पडला नाही.

*

एक नंबरात रेकॉर्डकीपर काशिनाथपंत. गाव धनज. लहानपण झोपाळ्यावर गेलेलं. तुळईला कड्या लावायचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा त्यांनी सुताराकडून लाकडी घोडी करवून घेतली आणि झोपाळा तिला टांगला. सरकारी लाकडाला स्पर्श नाही. फक्त खोली लहान पडली. झोका पुढे आला की पंतांचे पाय दाराबाहेर! रस्त्यानं जाणारे त्यांना वाट देऊन जायचे.

बांधकाम खात्याचा ओव्हरसियर तपासणीला आला. म्हणाला, "पंत, तुमचे पाय सरकारी हद्दीच्या बाहेर जाऊन राह्यले!"

"जाऊ द्या साहेब. पाय माहे आहेत."

ओव्हरसियरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा झोका चुकवून बाहेर पडला.

*

दोन नंबरात गनी मुन्शी, मंगरूळपीरचे. भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा यांच्या वाट्याला आजोबांचं नक्षीचं सागवानी दार आलं, चौकटीसकट. सरकारी दार काढून ते बसवायचा अर्ज अर्थातच नामंजूर. मुन्शींनी ते माजघराच्या मधोमध उभं केलं. दोन्ही बाजूंना मोकळी जागा आणि मध्ये दार!

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सरळ बाजूनं जाऊन सतरंजीवर बसलो. मुन्शींचा चेहरा उतरला.

"अण्णासाहेब, दार असून बाजूनं काहून आले?"

मी उठलो, मागे गेलो, कडी वाजवली. "आइये, आइये!" मुन्शी समोरच बसलेले होते.

ओव्हरसियरनंही दाराला फेरी मारली. "मुन्शी, याले भिंत कुठं आहे?"

"भिंत सरकारची लागते ना, साहेब. मंजुरी नाही भेटली."

*

तीन नंबर माझं. आमच्या भिंतीवर काहीच नव्हतं. एखादी आठवण लावावी असं मी एकदा सुचवलं. बायको म्हणाली, "तुमी रोज कचेरी घरी आणता, तेवढी पुरे!"

*

चार नंबरात नाझर दत्तोपंत. राहायला आले त्या दिवशी त्यांच्या पत्नीनं रीतीप्रमाणे हळदीचा हात भिंतीवर उमटवला. चुना अजून ओला होता. हळद चुन्याला लागून लाल झाली आणि पक्की बसली. पुढल्याच वर्षी बाई तापानं गेल्या. फोटो कधी काढलेला नव्हता. हात तेवढा राहिला.

दिवाळीआधी चुना मारायच्या यादीत ओव्हरसियरनं लिहिलं : "क्वार्टर नंबर चार. भिंतीवर लाल डाग. पान थुंकल्याचा संशय. चुन्याचे दोन हात द्यावेत."

दत्तोपंतांनी जन्मात पान खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर होता.

अर्ज वर गेला असता तर काय झालं असतं, हे वर सांगितलंच आहे. मी त्यावर शेरा मारला : "हात उजवा की डावा, नमूद नाही. खुलासा यावा." आणि ओव्हरसियरला कळवलं, की प्रकरण विचाराधीन आहे, निकालापर्यंत भिंतीला हात लावू नये.

दत्तोपंत तरातरा आले. "अण्णा, असं कायले विचारून राह्यले? मस्करी आहे का ही?"

"खुलासा सावकाश द्या," मी म्हटलं. "दिवाळी जाऊ द्या."

ते सावकाश परत गेले. खुलासा संक्रांतीनंतर आला. पुढच्या वर्षी मी लांबी-रुंदी विचारली. त्याच्या पुढच्या वर्षी, बोटं किती. दत्तोपंतांनी लिहिलं, "पाच. मोजून पाहिली."

*

दत्तोपंत रिटायर होऊन मुलाकडे वाशीमला निघाले. सामान गाडीत चढलं, तरी हे भिंतीपाशीच उभे.

"अण्णा, आता कसं? अर्जदारच चालला."

"अर्ज भिंतीबाबत आहे," मी म्हटलं. "भिंत कुठं चालली?"

त्यांच्या जागी नवा कारकून आला, नुकतंच लग्न झालेला. आठवड्याभरात त्याचा अर्ज. घरात पाऊल टाकल्यावर त्याच्या बायकोनं भिंतीवरचा हात पाहिला, चौकशी केली आणि त्याच्या शेजारी आपला हळदीचा हात उमटवला. तरी वीतभर भिंतीऐवजी दोन वीत धरावी, ही विनंती.

मी शेरा मारला : "आधीच्या अर्जाचा निकाल लागल्यावर विचार करावा." त्याच महिन्यात मी रिटायर झालो. चार्ज देताना यादीत ही फाइल पहिल्या नंबरावर लिहिली आणि माझ्या जागी आलेल्या माणसाला एवढंच विचारलं, "तुमचं लग्न झालं का?" तो हो म्हणाला.

दोन्ही अर्ज अद्याप प्रलंबित आहेत.