मधूचे लंगोट आणि अव्वा

अव्वा कापड डोळ्यांनी पारखत नसे, दातांनी पारखत असे. कोणतेही कापड हाती आले की त्याचा कोपरा तोंडात घालून ती दोनदा चावे, जिभेवर घोळवे आणि मग निकाल देई. आमच्याकडे कामाला आली त्या दिवशी माझे माहेर कुठले, घरात माणसे किती, हे विचारायच्या आधी तिने माझा पदर चावून पाहिला. "गिरणीचं हाय," ती म्हणाली, "खळ लई, सूत थोडं. दोन धुण्यांत मरंल बगा, वैनी." लुगडे माहेरचे होते आणि नवे होते. मला राग आला. पण दोन धुण्यांनंतर त्या लुगड्याचे खरोखरच पोतेरे झाले, तेव्हा तो राग मुकाट्याने गिळावा लागला.

ती सोलापूरच्या साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांपैकी. नाव नरसव्वा, पण लहानमोठे सगळे तिला अव्वाच म्हणत, म्हणजे आजी. नवरा लुगडी विणायचा आणि ती सुताला खळ घालायची. मागावर सूत तुटू नये म्हणून ते पेजेत भिजवून ताठ करायचे, हे तिचे लहानपणापासूनचे काम. पुढे नवऱ्याची नजर अधू झाली, माग बंद पडला आणि अव्वा आमच्या शुक्रवार पेठेत धुणी धुवायला आणि पोरांना न्हाऊ घालायला येऊ लागली. धुण्याला ती हलके काम मानत नसे. कापड आपल्या हातून गेले पाहिजे, मग ते विणायला जावो की वाळायला, एवढेच तिचे म्हणणे.

आमचा मधू तेव्हा नुकताच वर्षाचा झाला होता. त्याच्या आधीची माझी मुलगी अकराव्या महिन्यात तापाने गेली होती. मधूने अकरावा महिना ओलांडला त्या दिवशी मी कोणाला न सांगता उपास केला, आणि तरीही भीती गेली नाही. तो शिंकला तरी मी त्याच्या कपाळाला हात लावून पाही. हे कचेरीत कारकून होते. ते म्हणत, "तू त्या पोराला नजरेनेच झिजवशील." गमतीने म्हणत, पण खोटे नव्हते.

एरवी वर्षाच्या पोराचा लंगोट सुटतो आणि ते उघडे हुंदडते. मधूचा सुटला नाही, याला कारण आमच्या मालकीणबाई. त्यांचे सोवळे फार कडक आणि ओसरी दोघांत सामाईक. मधूने एकदा ओसरीवर कार्यभाग उरकला, तर त्यांनी सगळी ओसरी धुऊन घेतली आणि दोन दिवस आमच्याकडे पाहिले नाही. तेव्हापासून दिवसभर लंगोट. तान्ह्या मुलाला नवे कापड घालायचे नाही हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून सासऱ्यांच्या जुन्या धोतरांचे मी दोन डझन लंगोट फाडून ठेवले होते. अव्वाने पहिल्याच दिवशी त्यातला एक चावला आणि तोंड वाकडे केले.

"मेलंय की हे," ती म्हणाली. "कापडात जीव पायजे, वैनी. लेकराच्या अंगाला मेलेलं कापड घालत्यात व्हय?"

मऊ कापड तिला मेलेले वाटते याचे मला हसू आले. पण तिच्या हातात ते लंगोट गेले आणि त्यांना खरेच रूप आले. संध्याकाळी ती चोवीस घड्यांची चळत कोनाड्यात लावून ठेवी. सगळ्या सारख्या, कडा जुळलेल्या, हात फिरवला तर किंचित ताठ. आमच्या आडाचे पाणी जड आणि सोलापूरचे ऊन कडक, त्यामुळे कापड ताठ होते असे मी समजत होते. शेजारणींना मी ती चळत मुद्दाम दाखवीत असे.

महिन्याभरात मधूला पुरळ उठले. आधी जांघेत दोन तांबडे चट्टे. मग ते मागे पसरले आणि बघता बघता सगळे ढुंगण लालभडक झाले. दाढा येताहेत, त्याचे उष्ण पडते आहे, असे सगळ्यांनी सांगितले. मी खोबरेल लावले, शंखजिऱ्याची पूड लावली, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुतले. दोन दिवस उतार पडे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोर शू झाली की किंचाळे आणि पाय ताठ करी. मी दिवसातून दहा वेळा लंगोट सोडून पाहत असे. कातडी एका जागी सोलवटली तेव्हा मला माझी मुलगी दिसू लागली. तिच्या आजाराचा आणि याचा काही संबंध नव्हता, हे कळत होते. पण कळून भीती थोडीच जाते.

या साऱ्यात माझ्याइतकी काळजी करणारे दुसरे माणूस म्हणजे अव्वा. गाईचे तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन लावायचे, असा उपाय तिनेच काढला. काशाच्या ताटात तूप आणि पाणी घालून आम्ही दोघी समोरासमोर बसलो. ती तळहाताने घोळवी, पाणी काढून टाकी, नवे घाली आणि तेलुगूत मोजी. साठाच्या पुढे मी कंटाळले. "अव्वा, पुरे, कोण मोजायला येणार आहे?" तर ती मान न उचलता म्हणाली, "मधू येणार हाय की." शंभर झाल्यावरच ती उठली. ते लोण्यासारखे पांढरे तूप तिने ज्या हलक्या बोटाने लावले, तसे मलाही लावता येत नसे. माझ्या बोटात घाई होती.

शेवटी ह्यांनी डॉक्टर आणले. त्यांनी जस्ताचे मलम दिले आणि जाता जाता विचारले, "लंगोट नीट स्वच्छ धुता ना?" अव्वा मोरीच्या दाराशी उभी होती. तिला ते बोलणे फार लागले. "मला इचारतोय," ती दिवसभर पुटपुटत राहिली. "सुतात मोठी झाली मी." दुसऱ्या दिवसापासून ती लंगोट दोनदा धुऊ लागली. एकदा सकाळी, एकदा दुपारी. आणि मधूचे दुखणे वाढले.

मग अव्वाच्या लेकीचे दिवस भरले. लेक अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यात दिलेली होती. दहा दिवसांनी येते म्हणून अव्वा गेली. जाताना मधूला दहा वेळा पाहून गेली. त्या दहा दिवसांत धुणे माझ्या गळ्यात आले. मी कसेबसे पाण्यातून आघळून लंगोट दोरीवर टाकी आणि वाळले की गोळा करून कोनाड्यात कोंबी. घडी नाही की काही नाही. आणि चौथ्या दिवशी लाली उतरली, आठव्या दिवशी नवी कातडी आली. मधू रडल्यावाचून शू करू लागला. मला वाटले, मलम लागू पडले. मी डॉक्टरांना दुवा दिला.

अव्वा परत आली. मधूचे ढुंगण पाहून तिने त्याला छातीशी धरले आणि रडली. तिसऱ्या दिवशी तांबडे चट्टे पुन्हा आले.

"तुझ्या लक्षात येत नाही?" मालकीणबाई ओसरीच्या पलीकडून म्हणाल्या. "ती आली की पोर लाल होते. हात वाईट असतो एकेकाचा."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण त्या दुपारी मधूला झोपवून मी परसात गेले, ती अव्वाला पाहायलाच गेले, हे कबूल केले पाहिजे.

ती आडाशी बसली होती. पुढ्यात आमच्याच घरचे पितळी पातेले आणि त्यात भाताची पेज. पेज तिने फडक्याने गाळून घेतली होती. धुतलेले लंगोट ती एकेक करून त्यात बुडवी, दोन्ही हातांनी चोळी, अलगद पिळी, झटकी आणि तळहाताने थापटून दोरीवर घाली. काम इतके मन लावून चालले होते की मी मागे उभी आहे हे तिला कळले नाही.

"हे काय करतेस?"

"खळ घालते की," ती म्हणाली. "पातळ हाय, घाबरू नका. मधूसाठी लई बारीक गाळते."

"कधीपासून?"

"आलेपास्नं. रोज. आता दोनदा." तिच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणे होते.

पेज ती रोज माझ्याकडूनच मागून नेत असे. मला वाटे, बिचारी पिते. मी ती हौसेने बाजूला काढून ठेवीत असे. तीच पेज रोज माझ्या पोराच्या कोवळ्या कातडीवर वाळत होती, ओली होऊन आंबत होती, घासत होती. दोन महिन्यांची सगळी भीती एकदम माझ्या तोंडाशी आली.

"माझी एक गेली आहे," मी म्हणाले. "दुसऱ्याला तू मारायला निघालीस."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर कदाचित बरे झाले असते. अव्वाने माझ्याकडे पाहिले, मग पातेल्याकडे पाहिले. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने पेज जमिनीवर ओतून दिली आणि दोरीवरचे, कोनाड्यातले, सगळे लंगोट आणले. आडाचे पाणी शेंदून शेंदून तिने ते चार वेळा धुतले. शेवटी त्यातल्या एकेकाचा कोपरा चावून पाहिला. दोन तिने पुन्हा धुतले. ऊन उतरेपर्यंत हे चालले होते.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितले नव्हते. त्या पेजेत मी रोज मीठ घालीत असे. तिला अळणी प्यावी लागू नये म्हणून. पोराची कातडी सोलवटलेली आणि वरून ते मीठ. त्याचे किंचाळणे कशाने होते, ते माझ्या लक्षात आले ते त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मिठाची बरणी उघडल्यावर. अव्वाच्या जिभेला ते मीठ पहिल्याच दिवशी कळले असले पाहिजे. विणकर खळीत काय काय घालतात, तसे वैनींनीही समजून घातले असेल, असे तिला वाटले असेल. पण मी तिला ते मारण्याचे बोलले तेव्हाही तिने मिठाचे नाव काढले नाही.

मधू आठवड्यात बरा झाला, तो कायमचाच. अव्वा कामाला येतच राहिली. फक्त दुसऱ्या दिवशी तिने मधूच्या अंघोळीचा पाट माझ्यापुढे सरकवला. "तुमीच घाला, वैनी. मी पानी ओतते." ती वरून पाण्याची धार धरी आणि मी त्याला चोळी. मधू दुडदुडत तिच्याकडे जाई तेव्हा ती दोन्ही हात पदराखाली घेई आणि लांबूनच बोले. "जा, जा, आईकडं जा." तो तिचे लुगडे ओढी, वर पाही, पुन्हा ओढी. काही दिवसांनी त्याने तिच्याकडे जायचे सोडले.

मी रोज ठरवीत असे की आज बोलायचे. धुणेवालीची क्षमा मागायची पद्धत आमच्या घरात नव्हती, हे एक. पण खरे कारण तेवढेच नव्हते. क्षमा मागायची तर मिठाचेही सांगावे लागले असते आणि माझ्या हाताचा दोष मला माझ्याच तोंडाने उच्चारवत नव्हता. तिच्या हाताला नाव ठेवताना मात्र मला क्षणाचा वेळ लागला नव्हता. असे करता करता पाच महिने गेले आणि ह्यांची बदली विजापूरला झाली.

निघायच्या सकाळी टांगा दाराशी उभा होता. वळकट्या चढल्या होत्या. मी मधूला कडेवर घेऊन पायरी उतरले, तर अव्वा रस्त्याच्या कडेला उभी. त्या दिवशी तिला काम नव्हते, ती नुसती आली होती. हात पदराखाली होते. मला वाटले, आता नाही तर कधीच नाही.

"अव्वा, घे ना त्याला," मी म्हणाले. "माझे चुकले. घे."

तिने हात बाहेर काढले. लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले आणि पुढे केले. "ये, मधू." मधूने त्या हातांकडे पाहिले आणि माझ्या मानेत तोंड खुपसले. मी त्याला सोडवू लागले तसा तो अधिकच चिकटला आणि रडायला लागला.

"ऱ्हाऊ द्या, वैनी," अव्वा म्हणाली. "शाना हाय तो. आईला सोडत न्हाय."

ती जवळ आली. मधूच्या झबल्याची मागची नाडी मी घाईत तशीच लोंबती ठेवली होती. त्याच्या अंगाला बोट लागणार नाही अशा बेताने अव्वाने ती नाडी धरली, गाठ मारली, आणि टांग्याला वाट द्यायला बाजूला झाली.