मंजुरीसाठी थांबलेल्या बातम्या

आमच्या गावच्या विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. रोज सकाळी त्यावर माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गावच्या बातम्या लिहितात. ते सौसरच्या एका शाळेत चपराशी होते. शाळेने मोडीत काढलेला फळा त्यांनी निवृत्तीच्या वेळी मागून आणला. आज नळ येणार नाही. रामाकोन्याला गुरुवारी डोळे तपासणार आहेत. कोणाची तरी लाल बकरी आमच्या अंगणात बसली आहे, ज्याची असेल त्याने न्यावी. असं सगळं त्यावर असतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पांढुर्ण्याला खोली करून राहते आणि कॉम्प्युटर शिकते. गावची बरीच पोरं कामासाठी पुण्याला गेलेली. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचं होतं, तेव्हा मोठे बाबाच म्हणाले, "हा फळा पुण्याच्या पोराईले तिकडं दिसला पायजे. तुह्या कॉम्पुटरवर होते का वो बाई?"

गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, पण त्यात सुप्रभातच्या फुलांखाली बातमी बुडून जायची. मी म्हटलं, होते. वेबसाइट तयार करायला सगळं हातानं लिहावं लागत नाही. तयार साधनं मिळतात, त्यात आपण फक्त मजकूर भरायचा. मी तीन घेतली: वर्डप्रेस, जूमला आणि द्रुपल. कॉलेजच्या लॅबमध्ये तिन्हींवर तोच फळा उभा केला आणि वहीत तक्ता आखला. मराठी नीट दिसते का, फोनवर चालतं का, लिहिणारे आणि तपासणारे वेगळे ठेवता येतात का. अकरा रकाने झाले होते. त्या तक्त्याचा मला फार अभिमान होता.

एका रविवारी वर्डप्रेसवरचा फळा मोठ्या बाबांच्या फोनवर उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एका बोटानं बकरीची बातमी लिहिली, बटण दाबलं आणि माझ्या फोनवर ती दिसली.

"हे बरं हाये," ते म्हणाले. "लिवलं का दिसते. फळ्यासारखं."

हे मी वहीत लिहून घेतलं नाही.

सोमवारी आमचे सर तक्ता पाहून म्हणाले, "वर्डप्रेस तो सब करते हैं. कुछ अलग करो." सरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मलाही अलग करायचंच होतं. मी द्रुपल घेतलं आणि त्यात मंजुरीचे टप्पे लावले. मोठे बाबा लिहिणार, मी पाहणार, मग ते लोकांना दिसणार. ते टप्पे न लावताही काम झालं असतं, पण प्रोजेक्टमध्ये शोभून दिसणार होते. शिवाय खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्यांचं लिहिणं जगासमोर जायच्या आधी मी एकदा पाहून घ्यावं. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले.

पहिल्या दिवशी विहारात सगळ्यांसमोर मी बकरीची बातमी मंजूर केली. टाळ्या झाल्या. मग मी पांढुर्ण्याला गेले, परीक्षा आल्या आणि मंजुरीचं मी विसरून गेले. अधूनमधून फोनवर मोठे बाबा विचारायचे, "कोनी वाचते का वो?" मी न पाहताच म्हणायचे, "वाचत असतील ना."

जयंतीला पुण्याची पोरं घरी आली. मिरवणूक संपल्यावर सगळे विहाराच्या ओट्यावर बसले होते. त्यातला एकजण मोठ्या बाबांच्या पाया पडला.

"ये बाप्पा," ते म्हणाले. "गाव ध्यानात हाये म्हणजे."

"असं काऊन बोलून राहिले मोठे बाबा?"

"रोज लिवतो तुमच्यासाठी. एकानंबी उलट दोन अक्षरं नाही धाडली. मोठे साहेब झाले तुमी."

"कुठं लिवता? मी रोज उघडून पाह्यतो. थे बकरीच हाये पहिल्या दिवसापासून." तो हसला. "सापडला का नाही तिचा मालक?"

सगळे हसले. मोठे बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला तेव्हाच कळलं.

घरी येऊन मी साइटच्या आतल्या बाजूला गेले. त्रेसष्ट बातम्या मंजुरीसाठी थांबल्या होत्या. संत्र्याची दुसरी तोड सुरू झाली. चौकातला हातपंप दुरुस्त झाला. मग सलग तीन दिवस एकच ओळ होती: 'बाहेरगावच्या मुलांनी वाचलं असेल तर खाली “वाचलं” एवढंच लिहावं.' त्यानंतरच्या बातम्या लहान होत गेल्या. शेवटची होती, 'आज विशेष काही नाही.'

सकाळी ते ओल्या फडक्यानं फळा पुसत होते. मी सगळं सांगितलं.

"मंग बटन दाबलं का 'झालं' म्हणे थे?"

"माझ्याकडे पोचलं, एवढ्यालाच ते 'झालं' म्हणायचं."

"तुह्याकडं कायले?"

"तुमचं लिहिणं एकदा पाहून घ्यावं म्हणून."

त्यांनी फडकं पिळलं. "शाळेत हेडमास्तरच्या सहीबिगर एक चिठ्ठीबी लावता येत नोती मले," ते म्हणाले. "म्हनून तं हा फळा गावात आनला होता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं: 'पुण्याच्या मुलांनो, तुम्ही वाचत होता. मीच उगाच बोललो. राग मानू नये.' माझं नाव त्यात कुठे नव्हतं. पोरं पहाटेच्याच गाडीने निघून गेली होती.

मी त्या फळ्याचा फोटो काढून साइटवर टाकला. दुपारपर्यंत खाली पहिलं 'वाचलं' आलं. मी त्यांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून ते वाचलं आणि विचारलं, "याले कोनं मंजूर केलं?"

मंजुरीचे टप्पे मी त्याच दिवशी काढले. आता थेट जातं, तुम्ही लिहा, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. "राहू दे. मी फळ्यावर लिवतो, तू आली का फोटो टाकत जा," एवढंच ते म्हणाले. तुम्हीच फोटो काढून पाठवा म्हटलं की हो म्हणतात. पाठवत मात्र नाहीत.

मी शनिवारी गावी येते आणि सोमवारी सकाळी जाते. बाकीचे दिवस तो फळा फक्त गावातच दिसतो.